सदाफुलीच्या कॅलसमध्ये व्हिनब्लास्टिन का सापडत नाही?

कोवळी पालवी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्रकल्प ऊतीसंवर्धनाचा. विषय मीच मागून घेतला होता: सदाफुलीच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या आणि त्यांतून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळवायचं. एका ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी जवळपास 500 किलो वाळलेली पानं लागतात असं वाचलं, तेव्हाच ठरवलं की करायचं तर हेच.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. कोवळी पानं मर्क्युरिक क्लोराइडने निर्जंतुक करून एम.एस. नावाच्या पोषक मिडियमवर लावली. साखर 3 टक्के, लिटरला 1 मिलिग्रॅम टू-फोर-डी आणि 0.1 मिलिग्रॅम कायनेटिन (दोन्ही वाढीची हॉर्मोन). तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कापलेल्या कडा फुगल्या आणि महिन्याभरात छान कॅलस, म्हणजे पेशींचा अनघड गोळा, आला. फिकट पिवळा, भुसभुशीत, चिमट्याने धरला की सुटणारा. चार वेळा सबकल्चर केला (ताज्या मिडियमवर हलवला) आणि मग द्रव मिडियममध्ये टाकून शेकरवर ठेवला. 120 फेरे, 25 अंश, पूर्ण अंधार. सस्पेन्शन मस्त वाढलं. चौदाव्या दिवशी पेशी गाळल्या, वाळवल्या, मेथॅनॉलमध्ये अर्क काढला आणि एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावला.

व्हिनब्लास्टिनच्या जागी काहीही नाही. तीन बॅच झाल्या, तिन्ही वेळा सपाट रेष. त्याच्या बरंच आधी दोन-तीन शिखरं येतात, ती कशाची ते कळत नाही.

माझं कुठे चुकतंय? मिथाइल जॅस्मोनेट (पेशींना डिवचणारं वनस्पतींचं हॉर्मोन) घालून पाहू का? टॅक्सॉल हे कर्करोगाचं दुसरं औषध तर पेशींपासून टाक्यांमध्ये बनवतात, मग सदाफुलीचं काय अडतं? हातात चार महिने आहेत आणि खरं सांगायचं तर रात्री झोप लागत नाही.

एचपीएलसीवाला

पेशींबद्दल बोलणारे इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत, मी फक्त यंत्राच्या बाजूने सांगतो.

तुम्ही सदाफुलीच्या पानाचा अर्क त्याच दिवशी, त्याच कॉलमवर, त्याच पद्धतीने लावला होता का? लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. पानातसुद्धा व्हिनब्लास्टिन इतकं कमी असतं की साध्या मेथॅनॉल अर्कात ते गर्दीत हरवून जातं. पानात दिसलं नाही तर कॅलसमध्ये दिसलं नाही याला अर्थ उरत नाही.

दुसरं, अर्क सरळ लावू नका. सौम्य आम्लात घ्या, अल्कलॉइड (व्हिनब्लास्टिनच्या जातीची नत्रयुक्त संयुगं) नसलेला भाग धुऊन टाका, मग अमोनियाने पी.एच. 9 च्या वर न्या आणि क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्या. आधी टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर संयुगं वेगळी करणाऱ्या पट्टीवर) ड्रॅगनडॉर्फ अभिकारक फवारा. नारिंगी ठिपके उठले तर अल्कलॉइड असण्याची शक्यता आहे, मग पुढचा खर्च करा.

आणि ती अनोळखी शिखरं ओळखायची असतील तर ज्याचा संशय आहे त्याचं स्टँडर्ड (शुद्ध संयुग) नमुन्यातच थोडं मिसळून पुन्हा चालवा. तेच शिखर उंच झालं आणि बाजूला नवीन खांदा फुटला नाही, तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच. वर्णपटही जुळवून पाहा. नुसत्या वेळेवर विसंबून नाव देऊ नका.

लॅमिनारपाशी

पालवी, आधी मन शांत कर. तुझ्या पेशी निरोगी आहेत आणि तुझा हातही स्वच्छ आहे, नाहीतर चार सबकल्चर बुरशीशिवाय निघाले नसते. तू त्या पेशींकडून जे मागते आहेस, ते त्यांना एकट्याने जमणारं नाही. मी वीसेक वर्षं लॅमिनारसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसते आहे, त्यातली पहिली सहा सदाफुलीवर गेली. तुझ्या जागी मी बसलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिनब्लास्टिनचे दोन अर्धे असतात: कॅथरँथिन आणि व्हिन्डोलिन. ते जोडले की व्हिनब्लास्टिन. आता सदाफुलीचं पान हे दोन अर्धे कसे घडवतं ते बघ. सुरुवातीचे टप्पे शिरेजवळच्या, अन्नवाहिनीला लागून असलेल्या पेशींमध्ये होतात. तिथून अर्धवट माल पानाच्या वरच्या त्वचेच्या पेशींमध्ये येतो. तिथे स्ट्रिक्टोसिडिन बनतं आणि वाटा फुटतात. एका वाटेने कॅथरँथिन होतं आणि ते पानाच्या बाहेरच्या मेणात जाऊन बसतं. दुसऱ्या वाटेने टॅबर्सोनिन होतं, त्यावर सात टप्पे चढले की व्हिन्डोलिन. या सातातला एक टप्पा हरितलवकाच्या पडद्याशी जोडलेला आहे. शेवटचे दोन तर चीक वाहणाऱ्या पेशींत आणि पानात तुरळक विखुरलेल्या खास पेशींत होतात. कॅनडात डी लुका यांच्या गटाने 1999 मध्ये हे दाखवून दिलं. त्यातही शेवटून दुसऱ्या टप्प्याच्या एन्झाइमला उजेड लागतो.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून तुझ्या फ्लास्ककडे पाहा. शिरा नाहीत, त्वचा नाही, चीक वाहणारी पेशी नाही, हरितलवक नाही आणि वरून अंधार. पेशी टॅबर्सोनिनपर्यंत येते आणि तिथून आडवाटेला लागते. व्हिन्डोलिन होतच नाही, मग व्हिनब्लास्टिन कुठून येणार? पेशी म्हणजे छोटा कारखाना असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. मला तो शब्द कधीच पटला नाही. सदाफुलीचं औषध ही एका पेशीची करामत नाही, ते शेजाऱ्यांनी मिळून केलेलं काम आहे. कॅलस करताना आपण नेमका तो शेजार मोडतो.

(जिवंत पानातही कॅथरँथिन बाहेर मेणात आणि व्हिन्डोलिन आत पेशींत, अशी ताटातूट असते. तुझ्या 500 किलोचं एक मोठं कारण हेच.)

आता तुझी ती अनोळखी शिखरं. ती फेकू नकोस गं! सदाफुलीच्या सस्पेन्शनमध्ये अजमॅलिसिन, सर्पेंटाइन, टॅबर्सोनिन आणि कधीकधी चांगल्यापैकी कॅथरँथिन मिळतं. वर सांगितलंय तसं स्टँडर्ड मिसळून बघ. माझा अंदाज आहे की तुझा प्रकल्प त्या शिखरांतच आहे.

सर्पेंटाइनचं एक सांगते. माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. रात्री उशिरा प्लेटी बघत होते, खोलीतला दिवा मालवला आणि हातातला 365 नॅनोमीटरचा यूव्ही दिवा प्लेटींवर फिरवला. बहुतेक कॅलस मंद राखाडी दिसत होते. एका प्लेटीत मात्र वाटाण्याएवढ्या गोळ्याच्या एका बाजूला निळा उजेड पेटल्यासारखा दिसला. गोळा सगळा नाही, जेमतेम एक कड. सर्पेंटाइन यूव्हीखाली निळं चमकतं हे पाठ होतं, पण ते असं समोर दिसेल असं वाटलं नव्हतं. ती कड सुईने वेगळी केली, नवीन प्लेटीवर लावली. पुढच्या वेळी त्यातला सर्वांत निळा ठिपका उचलला. असं करत करत पाचव्या फेरीला अख्खी प्लेट निळी झाली. तिला आम्ही 'सात नंबर' म्हणायचो. मोजल्यावर मूळ कॅलसच्या कितीतरी पट सर्पेंटाइन निघालं. (सावध राहा, पेशीभित्तीतले फिनॉलही निळसर दिसतात. चमक दिसली म्हणजे फक्त पुढे मोजायचं कारण मिळालं.)

सात नंबरचं पुढे काय झालं तेही ऐक, कारण त्यातलं तुला उपयोगी आहे. चौदा महिने दर तीन आठवड्यांनी सबकल्चर करत राहिलो. चमक हळूहळू उतरत गेली. आधी वाटलं दिवा जुना झाला. मग वाटलं मिडियमची बाटली बदलली. शेवटी मोजलं तेव्हा मूळ कॅलस आणि सात नंबर यांत फरकच उरला नव्हता. वेगाने वाढणाऱ्या पेशी सर्पेंटाइन करण्यात वेळ घालवत नाहीत. दर सबकल्चरला आपण नकळत त्याच वेगवान पेशी पुढे नेतो आणि मेहनती पेशी मागे पडत जातात. जर्मनीतल्या झेंक यांच्या गटाने 1977 मध्ये सदाफुलीच्या भरघोस अल्कलॉइड देणाऱ्या पेशी निवडून दाखवल्या होत्या आणि त्याच प्रयोगशाळेतून 1984 मध्ये असं उत्पादन टिकत नाही हेही प्रसिद्ध झालं. आम्ही ते वाचलेलं होतं. तरी सात नंबर वेळेवर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवला नाही. त्याची हळहळ आजही आहे.

टॅक्सॉलचं विचारलंस. टॅक्ससच्या, म्हणजे यू झाडाच्या, कॅलसमध्ये टॅक्सॉल बनतं, हा सर्वांत मोठा फरक. ते करण्यासाठी पेशीला पान किंवा शिरा असाव्या लागत नाहीत. तरी तिथेही सहजासहजी जमलेलं नाही. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की टॅक्ससच्या सस्पेन्शनला मिथाइल जॅस्मोनेट दिलं की टॅक्सॉल आणि त्याच्या कुळातली संयुगं कित्येक पटींनी वाढतात. त्यानंतर या मार्गाला खरा जोर आला.

शिकोनिनची गोष्ट तर मला फार आवडते. लिथोस्पर्मम एरिथ्रोरायझॉन नावाच्या वनस्पतीच्या मुळात जांभळट-लाल रंग असतो, तो औषधातही वापरतात. मूळ तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्यात रंग भरतो एक-दोन टक्के. क्योटोमध्ये ताबाता यांच्या गटाने हे काम कॅलसवर नेलं. त्यांना आढळलं की पांढरा उजेड दिला की रंग बंद, टू-फोर-डी घातलं की रंग बंद, अमोनियमने बंद. तांबं थोडं वाढवलं की रंग जास्त. मग फुजिता यांनी आधी पेशी वाढवायचं मिडियम वेगळं आणि रंग बनवायचं मिडियम वेगळं असे दोन टप्पे केले. पहिली टाकी 200 लिटरची, दुसरी 750 लिटरची. 1983 मध्ये मित्सुई पेट्रोकेमिकलने ते बाजारात आणलं. टाकीत वाढवलेल्या वनस्पती-पेशींतून निघालेलं ते पहिलं व्यापारी उत्पादन. आणि निवड करायला डोळेच पुरे, लाल गोळा उचलायचा आणि फिकट टाकायचा.

तुझ्यासाठी यातली कळीची ओळ 'टू-फोर-डी घातलं की रंग बंद' ही आहे. सदाफुलीतही टू-फोर-डी अल्कलॉइड दाबतं. ते पेशीला सतत विभागायला लावतं आणि विभागणारी पेशी साठवत नाही. म्हणून तुझ्या सस्पेन्शनचे दोन भाग कर. एक नेहमीच्या मिडियममध्ये ठेव, पेशी वाढवण्यापुरता. दुसऱ्यातलं मिडियम गाळून काढ, पेशी टू-फोर-डी नसलेल्या मिडियमने दोनदा धू आणि साखर 5 ते 8 टक्क्यांपर्यंत वाढवून त्यात ठेव. वाढ मंदावेल. घाबरू नकोस, तेच हवं आहे.

जॅस्मोनेट घालायचं तर या दुसऱ्या टप्प्यात. 100 मायक्रोमोलरच्या आसपास सुरुवात कर. ते इथेनॉलमध्ये विरघळवशील, मग तेवढंच नुसतं इथेनॉल घातलेला फ्लास्क शेजारी हवाच, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. 24, 48, 72 तासांना आणि आठवड्याने नमुने काढ. जॅस्मोनेटने पेशींची वाढ खुंटते, म्हणून दर ग्रॅम पेशींमागे किती आणि दर लिटरमागे किती, असे दोन्ही आकडे लिही. पहिला आकडा वाढलेला आणि दुसरा घटलेला, असं मी स्वतः पाहिलंय.

व्हिन्डोलिनसाठी मात्र कॅलसचा नाद सोड. कॅलस न करता कोवळ्या शेंड्यांपासून बी.ए.पी.वर (फुटवे आणणाऱ्या हॉर्मोनवर) फुटवे घे, 16 तास उजेडात ठेव. हिरव्या फुटव्यांत पानाची सगळी रचना असते, व्हिन्डोलिन तिथे सापडेल. फुटवे आणि कॅलस एकाच तक्त्यात शेजारी मांडलेस तर 'का सापडत नाही' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच आकड्यांतून मिळेल. चार महिन्यांत हे होतं.

वाचक एक

मी या क्षेत्रातला नाही, तरी विचारतो. माझ्या आईच्या उपचारात पॅक्लिटॅक्सेल होतं. वर टॅक्सॉल म्हटलंय ते तेच ना? ते झाडाच्या सालीपासून येतं एवढंच आम्हाला माहीत होतं. टाकीतल्या पेशींपासून काढलेलं आणि झाडातून आलेलं यात रुग्णाच्या दृष्टीने काही फरक असतो का?

लॅमिनारपाशी

हो, तेच. आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, आम्ही लोक फ्लास्कबद्दल बोलताना त्याच्या पलीकडचा माणूस विसरतो.

रेणू तोच असतो, अणूला अणू तोच. साल असो, पानं असोत की टाकी, शेवटी शुद्ध करून स्फटिक काढतात आणि तपासतात ते त्या एका रेणूलाच.

फरक आहे तो झाडाला. पॅसिफिक यूची साल पहिल्यांदा 1962 मध्ये या कामासाठी गोळा केली गेली. त्यातला रेणू वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळा करून 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तो पेशीच्या आत नेमकं काय करतो ते सुसान हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवलं, आणि 1992 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. मधल्या काळात सगळं अडत होतं ते सालीवर. एक किलो औषधासाठी सात ते दहा हजार किलो साल लागायची आणि साल सोलली की झाड मरतं. हे झाड अतिशय सावकाश वाढतं. माणूस वाचवायचा की जंगल, असा वाद तेव्हा खरोखर झाला होता.

पुढे युरोपातल्या यूच्या सुयांमधून 10-डिअॅसिटिलबॅकाटिन नावाचं अर्धवट तयार संयुग काढून त्याचं टॅक्सॉल करायची वाट सापडली. सुया पुन्हा येतात, झाड जगतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे पेशी. साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म क्षार घातलेल्या पाण्यात टॅक्ससच्या पेशी मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात आणि औषध त्यांतूनच सरळ काढतात. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीला या पद्धतीसाठी 2004 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. रासायनिक टप्पे गेल्याने त्यांना लागणारे द्रावकही वाचले. आई आता बऱ्या असतील अशी आशा करते.

केसमुळे

ताई, सस्पेन्शनवर इतका भर का? माझं सगळं काम केसाळ मुळांवर झालंय, म्हणून राहवत नाही. अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या जिवाणूने मुळं फोडून घेतली की त्यांना हॉर्मोन लागत नाही, वाढ झपाट्याने होते, आणि मूळ हा पूर्ण अवयव असल्याने शेजारही शाबूत राहतो. धोतरा आणि बेलाडोनाच्या केसाळ मुळांत हायोसायमिन वर्षानुवर्षं टिकतं. तुमच्या सात नंबरसारखं उतरत नाही. पालवीने तिकडे वळावं असं मला वाटतं.

लॅमिनारपाशी

टिकण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. हायोसायमिन मुळातच बनतं, म्हणून धोतऱ्याला केसाळ मुळांसारखं दुसरं काही नाही. जे संयुग वनस्पती मुळात करते त्याला मूळ वाढवावं.

पण व्हिन्डोलिन हिरव्या भागांत बनतं. सदाफुलीच्या केसाळ मुळांत अजमॅलिसिन, कॅथरँथिन, टॅबर्सोनिन छान मिळतं आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. शिवाय हिच्याकडे चारच महिने आहेत. जिवाणू लावा, मग प्रतिजैविकं घालून तो काढा, मुळात जिवाणूची रोल जनुकं आलीत का ते पीसीआरने तपासा, यातच अर्धे जातील. आणि मुळांचा गुंता मोठ्या टाकीत ढवळता येत नाही, मधोमध ऑक्सिजन पोचत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

सस्पेन्शनलाही ढवळण्याचं दुखणं आहेच. वनस्पतीची पेशी जिवाणूच्या मानाने अवाढव्य, जोरात ढवळलं तर फाटते आणि हळू ढवळलं तर गुदमरते. एकदा रात्री आमचा शेकर बंद पडला होता. सकाळी पाहिलं तर फ्लास्कच्या तळाशी ओल्या बारीक वाळूसारखा थर बसलेला, वरचं पाणी नितळ, आणि थर तपकिरी पडायला लागलेला. दुपारपर्यंत सगळं काळं. एका रात्रीत तीन महिन्यांचं काम गेलं.

एचपीएलसीवाला

यीस्टचं कोणीच काही बोललं नाही. जनुकं यीस्टमध्ये घातली तर पेशी, मुळं, फुटवे यांची गरजच उरणार नाही, नाही का? आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाच्या बाबतीत ते झालंय.

लॅमिनारपाशी

झालंय, आणि फार मोठं काम झालंय. आर्टेमिसिनिक आम्ल (ज्यापासून आर्टेमिसिनिन करतात) यीस्टने लिटरला 25 ग्रॅम दिलं, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आर्टेमिसिया हे कॅलसने हात टेकण्याचं दुसरं उदाहरण आहे: तिथलं औषध पानावरच्या ग्रंथीयुक्त रोमांत बनतं, कॅलसला रोम नसतात, म्हणून कॅलसमध्ये जवळपास शून्य. तिथे यीस्टची वाट शोधणं योग्यच होतं.

सदाफुलीचंही यीस्टमध्ये करून दाखवलंय. कीसलिंग यांच्या गटाने 2022 मध्ये तीसेक टप्प्यांचा अख्खा मार्ग यीस्टमध्ये बसवला, व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन दोन्ही मिळवले आणि बाहेर रसायनाने जोडून व्हिनब्लास्टिन केलं. मी तो लेख दोनदा वाचला. पण लिटरमागे मिळालं ते मिलिग्रॅमहूनही कमी. आर्टेमिसिनिक आम्लाच्या पंचवीस ग्रॅमशेजारी ठेवून बघा म्हणजे अंतर कळेल. आणि हे तीस टप्पे कुठले, हे कळलं ते आमच्यासारख्यांनी पानं सोलून, कॅलस वाढवून, एकेक एन्झाइम शोधल्यामुळेच. त्यामुळे पालवीच्या फ्लास्कची गरज संपली असं मी तरी म्हणणार नाही.

कोवळी पालवी

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

पानाचा अर्क शेजारी लावला. आम्ल-अमोनिया पद्धतीने काढल्यावर पानात व्हिन्डोलिन आणि कॅथरँथिन दोन्ही स्पष्ट दिसले, व्हिनब्लास्टिनचं इवलंसं शिखर दिसलं. सस्पेन्शनमध्ये व्हिन्डोलिन अजिबात नाही. ती अनोळखी शिखरं अजमॅलिसिन आणि कॅथरँथिन निघाली! स्टँडर्ड मिसळल्यावर तीच उंच झाली, खांदा फुटला नाही, वर्णपटही जुळला. तिसरं अजून ओळखू आलेलं नाही.

टू-फोर-डी काढलेल्या फ्लास्कमध्ये आठव्या दिवशी अजमॅलिसिन नेहमीच्या फ्लास्कपेक्षा साडेतीन पट आलं. एकच बॅच झालीय, म्हणून अजून कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. जॅस्मोनेटचे फ्लास्क काल लावले, इथेनॉलच्या फ्लास्कसकट. फुटवे बी.ए.पी.वर आलेत, अजून बोटभरही नाहीत पण हिरवेगार आहेत.

आणि ताई, काल रात्री दिवा मालवून अकरा प्लेटी पाहिल्या. दोन प्लेटींत निळी कड आहे. एकीत नखाएवढी, दुसरीत टाचणीच्या डोक्याएवढी. मी कितीतरी वेळ बघतच बसले होते. आमच्याकडे द्रव नायट्रोजन आहे पण पेशी गोठवायचं काम कुणी केलेलं नाही. कसं करू?

लॅमिनारपाशी

वाचून फार आनंद झाला, पालवी.

निळ्या कडा आज सुईने वेगळ्या कर, जिथे निळं संपतं त्याच्या आतूनच कापायचं. गोठवण्यासाठी आधी सस्पेन्शन हवं, त्यामुळे त्याला सहा-आठ आठवडे लागतील. सदाफुलीसाठी चालणारी पद्धत अशी: जोमात वाढणाऱ्या, म्हणजे सबकल्चरनंतर तीन-चार दिवसांच्या पेशी घे. त्यांना 1 मोलर सॉर्बिटॉलमध्ये थोडा काळ मुरू दे, मग बर्फावर ठेवून 5 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक) घाल. तापमान मिनिटाला अर्धा अंश या गतीने उणे 40 पर्यंत उतरव, तिथे थोडा वेळ थांब आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये. घाईने उतरवलंस तर पेशीत बर्फाचे सुळे होतात आणि पेशी फुटते. बाहेर काढताना मात्र उलट, 40 अंशांच्या पाण्यात झटकन. आधी साध्या कॅलसच्या पेशींवर दोनदा करून बघ, निळ्या पेशींवर पहिला हात चालवू नकोस.

तोपर्यंत प्रत्येक निळ्या तुकड्याचे दोन भाग कर आणि दुसरा भाग वेगळ्या खोलीतल्या इनक्युबेटरमध्ये ठेव, वेगळ्या दिवशी ओतलेल्या मिडियमवर. प्लेटीच्या झाकणावर लिहू नकोस, झाकणं बदलतात. तळाच्या काचेवर तारीख, कितवं सबकल्चर आणि कुठल्या प्लेटीतून आलं ते लिही. दर तिसऱ्या सबकल्चरला अजमॅलिसिन आणि सर्पेंटाइन मोज, चमक छान दिसत असली तरी. जॅस्मोनेटचे 72 तासांचे आकडे आले की इथे टाक.